मावशींच्या डब्यातलं ऊन

आदल्या संध्याकाळी, रेडिंग

इंग्लंडात लेकीच्या शेजारी एक बाई राहतात. वय ८६, एकट्या. इथल्या रिवाजाप्रमाणे त्यांना सरळ नावानं हाक मारायची असते, पण माझी जीभ काही वळत नाही. तोंडानं नुसतं "हॅलो" म्हणून मी वेळ मारून नेते आणि मनात त्यांना मावशी म्हणते.

मे महिन्यातली संध्याकाळ, नऊ वाजले तरी उजेड. मावशींनी आम्हा दोघांना चहाला बोलावलं आणि क्वालिटी स्ट्रीट चॉकलेटांचा जुना पत्र्याचा डबा पुढ्यात ठेवला. आपल्याकडे असल्या डब्यातून सुया, दोरे आणि तुटकी बटणं निघतात, हिच्या डब्यात फोटो होते. आगपेटीपेक्षा थोडे मोठे, पांढऱ्या किनारीचे. चर्चच्या भिंतीपाशी बसलेल्या बायका, गवताच्या गंजीवर चढलेली पोरं, सायकल धरून उभा असलेला एक लाजरा तरुण. सगळ्यांचे डोळे बारीक झालेले आणि सगळीकडे लख्ख ऊन. मी सहज म्हणून गेले, "तुमचं गाव काय सुंदर होतं हो!"

मावशी हसल्या. "फोटोत होतं."

एक फोटो त्यांनी बाजूला काढून ठेवला. गवती छपराचं बुटकं घर, दारात आठेक वर्षांची मुलगी, हातात जग. घराच्या मागे, छपराला टेकेल की काय असा एक अजस्र ओबडधोबड दगड. मागे पेन्सिलीनं लिहिलेलं : १९४७. "ही मी. घर आता नाही. दगड आहे."

त्यांचं गाव एव्हबरी, विल्टशर परगण्यातलं. आमचं लेकॉकला जायचं आधीच ठरलं होतं, कारण नवऱ्याला फोटोग्राफीचं वेड आणि लेकॉक हे त्याचं पंढरपूर. तिथून एव्हबरी लांब नाही. मावशींचे गुडघे साथ देत नाहीत, त्या येणार नव्हत्या. लेकीनं डब्यातले पाच-सहा फोटो मोबाइलवर उतरवून घेतले. मूळ फोटो काही मावशींनी हातातून सोडले नाहीत, आणि मीही सोडले नसते.

पहिला दिवस, रेडिंग

प्रवास सुरू करायच्या आधी गावातल्या गावातच एक काम होतं. रेडिंग विद्यापीठाचं इंग्लंडच्या ग्रामीण जीवनाचं संग्रहालय लेकीच्या घरापासून बसनं वीस मिनिटांवर. प्रवेश फुकट, त्यामुळे पौंडाला एकशे पंधरानं गुणण्याची नवऱ्याची सवय आज उपयोगाची नव्हती. वास्तू १८८० सालची, लाल विटांची. बिस्किटांच्या हंटली अँड पामर कंपनीच्या पामर घराण्यातल्या एकानं राहायला बांधलेली.

हे संग्रहालय सुरू झालं १९५१ साली. म्हणजे मावशी बारा वर्षांच्या असताना. त्यांच्या आईच्या हातातली वस्तू अजून वापरात होती आणि तसलीच दुसरी वस्तू इथे चिठ्ठी लावून मांडली जात होती. एवढी घाई कशाची, हे मला बैलगाडीसारख्या त्या लाकडी गाड्यांच्या दालनात कळलं. प्रत्येक परगण्याची गाडी वेगळी, रंग वेगळा, साट्याची कमान वेगळी. आपल्याकडे छकडा, दमणी, खटारा ओळखणारी माणसं होती तशी तिथेही गाडी पाहून गाव सांगणारी असतील. त्या ओढायला घोडे. आणि १९४६पासून कॉव्हेंट्रीच्या कारखान्यातून फर्ग्युसनचे छोटे करडे ट्रॅक्टर बाहेर पडायला लागले. दहा वर्षांत पाच लाखांवर. मग घोडे, खोगीरवाले, लोहार, चाकं करणारे सुतार, एकामागून एक सगळ्यांची गरज संपली. हे डोळ्यांदेखत चाललं होतं म्हणून कुणीतरी गोळा करायला धावलं.

मी सगळ्यात जास्त वेळ रेंगाळले ती धुण्याच्या सामानापाशी. पिळायचे लाकडी रूळ, कपडे घुसळायची रवीसारखी तिवई. कपडे उकळायच्या भांड्याला ही माणसं नुसतं 'कॉपर' म्हणायची, म्हणजे आपण म्हणायचं तर तांबं. वाईच्या घरी आमच्या न्हाणीघरात जो तांब्याचा बंब होता, त्याचाच हा विलायती भाऊ. फरक इतकाच की हा विटांच्या चुल्हाणात बसवलेला आणि खाली जाळ. मावशी काल सांगत होत्या, सोमवार धुण्याचा. त्या दिवशी घरात वाफ, ओलावा आणि आईचा राग. जेवायला रविवारचं उरलेलं गार मटण. शाळेतून आल्यावर पंपावरून पाणी आणायचं काम त्यांचं. त्या फोटोतला जग दुधाचा असेल असं मला वाटलं होतं.

बाहेर पडताना नवऱ्यानं एक मेंढा दाखवला. १९६२ सालच्या एका फोटोतला हा धिप्पाड मेंढा संग्रहालयानं २०१८ मध्ये ट्विटरवर टाकला आणि तो जगभर गाजला. गावगाड्याच्या एवढ्या पसाऱ्यात प्रसिद्धी मिळाली ती मेंढ्याला. चालायचंच.

दुसरा दिवस, लेकॉक

रेडिंगहून चिपनमपर्यंत रेल्वे, पुढे बसनं पंधरा-वीस मिनिटं. बसमधून उतरलो आणि पहिला विचार आला तो असा की इथली माणसं कुठे गेली? चार गल्ल्यांचं गाव, वाकलेली लाकडी घरं, दारादारांत गुलाब. तारा नाहीत, छपरांवर टीव्हीचे सांगाडे नाहीत. माटिल्डा टॅल्बट या बाईंनी १९४४ साली मठाचा वाडा आणि जवळजवळ सगळं गाव नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकलं, तेव्हापासून ट्रस्ट मालक आणि गावकरी भाडेकरू. जुन्या काळाचं चित्रीकरण करायचं असलं की इथे येतात, कारण झाकायला फार काही नसतं. एका खिडकीत घरगुती जॅमच्या बाटल्या आणि पैसे टाकायला डबा ठेवलेला होता. तेवढीच काय ती माणसाची चाहूल. गाव देखणं आहे, पण मला सारखं वाटत राहिलं की आत्ता कुणीतरी येऊन केर काढून गेलंय.

नवऱ्याला मात्र गावाशी घेणंदेणं नव्हतं. तो थेट वाड्यात, दक्षिणेकडच्या सज्जात. तिथे एक बाहेर काढलेली, बारीक चौकटींची खिडकी आहे. माटिल्डाबाईंचे आजोबा विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी ऑगस्ट १८३५ मध्ये चांदीच्या क्षारांचा लेप दिलेल्या कागदाच्या चिटोऱ्यावर ह्या खिडकीची प्रतिमा उतरवली. आज हातात असलेली जगातली सगळ्यात जुनी निगेटिव्ह ती. टॅल्बटच्या बायकोनं त्याच्या असल्या छोट्या लाकडी पेट्यांना उंदराचे सापळे म्हटलं होतं. बायकांना नवऱ्यांच्या छंदाबद्दल काय वाटतं ते तेव्हापासून बदललेलं नाही. टॅल्बटनं निगेटिव्हशेजारी लिहून ठेवलंय की भिंगातून पाहिलं तर काचेचे दोनशेच्या आसपास चौकोन मोजता येत होते. मी मोजायला लागले, साठाच्या पुढे चुकले.

खिडकीच का? नवरा म्हणाला, "उजेड. त्या कागदाला इतका उजेड लागायचा की आत काही उतरलंच नसतं. खिडकीच उतरणार."

मग चहाच्या दुकानात स्कोन खाताना तो मावशींच्या फोटोंकडे वळला. पांढरी किनार, आकार, ह्यावरून त्याचं म्हणणं पडलं की हा कोडॅकचा बॉक्स ब्राउनी. पुठ्ठ्याची नाहीतर पत्र्याची पेटी, पोटाशी धरायची, वरच्या काचेत वाकून बघायचं. एका रोलमध्ये आठ फोटो. शटरचा वेग एकच, सेकंदाचा साधारण चाळिसावा-पन्नासावा भाग. सावलीत काही येणार नाही, घरात तर नाहीच. "ऊन फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी पाहिजे. म्हणजे ज्यांचा काढायचा त्यांच्या डोळ्यांत. म्हणून सगळे डोळे बारीक करून उभे."

मी स्कोन खाली ठेवला. आमच्याकडेही तेच की! काकांचा आगफा क्लिक थ्री, बारा फोटोंचा रोल, आणि साताऱ्याच्या स्टुडिओत धुवायला टाकला की पंधरा दिवस वाट. आमचे सगळे फोटो अंगणात, सतरंजीवर. जिथे आमचं खरं आयुष्य गेलं ते स्वयंपाकघर अंधारं होतं, त्याचा एकही फोटो नाही. आई चुलीपुढे बसलेली मला आठवते, पण दाखवता येत नाही.

रात्री चिपनमच्या खोलीतून मावशींना फोन लावला. ब्राउनीच होता. स्विंडनच्या रेल्वे कारखान्यात काम करणाऱ्या मामाचा. त्याचा एक रोल ईस्टरला सुरू व्हायचा तो कधीकधी सुगीपर्यंत पुरायचा. "आणि पाऊस असला तर?" मी विचारलं.

"पाऊस असला तर काही घडलंच नाही." आणि मग त्यांनी राज्याभिषेकाची गोष्ट सांगितली. २ जून १९५३, राणी एलिझाबेथचा राज्याभिषेक. गावात ज्या एका घरी टीव्ही आला होता तिथे तीसेक माणसं कोंबलेली, खिडक्यांचे पडदे लावलेले, टीव्हीचा पडदा जेमतेम वहीएवढा. बाहेर दिवसभर पाऊस, मुलांची मिरवणूक ओली, कागदाचे मुकुट विरघळलेले. पण डब्यातल्या फोटोत मुलं कोरड्या मुकुटांत उन्हात उभी आहेत. कारण पुढच्या रविवारी मामा आला, ऊन पडलं, आणि आईनं सगळ्यांना पुन्हा कपडे घालून उभं केलं. मुकुट नवे.

फोन ठेवल्यावर मी १९४७चे फोटो पुन्हा चाळले. त्या वर्षीच्या थंडीची आठवण इंग्लंडात अजून काढतात. २२ जानेवारीपासून १७ मार्चपर्यंत देशात कुठे ना कुठे रोज बर्फ पडला, कोळसा मिळेना, आणि बर्फ वितळला तेव्हा पूर आले. पाव तर महायुद्धातही मोकळा मिळायचा, तो युद्ध संपल्यावर, १९४६ ते १९४८, रेशनवर होता. मावशी भावंडांबरोबर एका पलंगावर, वर बापाचा लष्करी कोट. डब्यात ह्यातलं काही नाही. डब्यात फक्त त्या वर्षीचा उन्हाळा आहे.

तिसरा दिवस, एव्हबरी

चिपनमहून मागे स्विंडन, तिथून डिवाइजेसकडे जाणारी बस. स्विंडनच्या बसथांब्यावर मागून आवाज आला, "किदें गो, बस येना मगो?" वळून पाहिलं तर दोन गोंयकार बायका. ह्या शहरात गोव्याची माणसं भरपूर, बरेचजण पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले. पाच मिनिटं माशांच्या भावावर बोललो, बस आली.

आभाळ गच्च. एव्हबरीला उतरलो तर भुरभुर पाऊस.

हे गाव सांगून पटणार नाही असं आहे. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचं दगडांचं कडं, इतकं मोठं की त्याच्या पोटात गावाचा भाग मावलाय : पब, घरं, आणि मधून वाहता रस्ता. भोवती खंदक आणि बांध. दगडांमध्ये मेंढ्या चरतात, त्यामुळे खाली बघून चालावं लागतं. एक मुलगी डोळे मिटून दगडाला मिठी मारून उभी होती. तिच्या मागे एक मेंढी त्याच दगडाला पाठ घासत होती. दोघींचं समाधान सारखंच दिसत होतं.

ह्या दगडांपैकी पुष्कळसे मध्ययुगापासून लोकांनी पाडून पुरले किंवा फोडून घरांना वापरले. १९३०च्या दशकात अलेक्झांडर किलर नावाचा गृहस्थ आला. घराण्याचा पैसा मार्मलेडचा, नाद पुरातत्त्वाचा. त्यानं गावातल्या जमिनी आणि घरं विकत घेतली, पश्चिमेकडचे पुरलेले दगड उकरून उभे केले, जिथे दगड सापडला नाही तिथे सिमेंटचा खुंट रोवला. मग युद्ध आलं. १९४३ साली त्यानं सगळं नॅशनल ट्रस्टला विकलं. कड्याच्या आतली जुनी घरं रिकामी झाली की पाडायची आणि दगड मोकळे करायचे, असं धोरण पुढे बरीच वर्षं चाललं. मावशींचं घर त्यात गेलं.

आता ते घर शोधायचं होतं. मोबाइलवर फोटो धरून मी पाऊण तास फिरले. प्रत्येक दगड तोच वाटायचा. शेवटी व्हिडिओ कॉल लावला. रेडिंगला लेक मावशींशेजारी टॅब धरून बसलेली. दोनदा कॉल तुटला, तिसऱ्यांदा मावशींचं कपाळ दिसलं. फक्त कपाळ.

"पबकडे पाठ कर," कपाळ म्हणालं. "चर्चचा मनोरा दिसतोय? आता डावीकडे. तो नाही, त्याच्या पुढचा. हं. थोडा गोल फिर त्याच्याभोवती."

मी फिरले. एका बाजूनं दगडाच्या खांद्याला खोक दिसली, फोटोतल्यासारखीच. नवरा ओरडला, "हाच!"

"आता मागे सरक. अजून. अजून दोन पावलं. थांब." मग जरा वेळ आवाज नाही. मला वाटलं पुन्हा तुटला. "तू आमच्या स्वयंपाकघरात उभी आहेस."

पायाखाली ओलं गवत, मेंढ्यांच्या लेंड्या. मी नकळत चपलेकडे पाहिलं.

मग मावशींनी मला घरभर फिरवलं. उजवीकडे चूल, तिच्यावर किटली. शनिवारी रात्री चुलीपुढे पत्र्याचं घंगाळ, आंघोळीला आधी लहान भाऊ, मग ह्या, शेवटी वडील, पाणी तेच. दार इथे. दाराबाहेर कोंबड्या, आणि पलीकडे परसात, "चाल, सरळ चाल," संडास. पाट, खाली बादली. वडील रात्री ती बटाट्याच्या वाफ्यात पुरायचे. "आमच्यासारखे बटाटे गावात कुणाचे नव्हते." जेवणात मटणापेक्षा सशाचा रस्सा जास्त, कारण ससे रेशनवर नव्हते. १९५३ साली सशांची मिक्सोमॅटोसिस नावाची साथ इंग्लंडात शिरली आणि दोन वर्षांत शंभरातले नव्याण्णव मेले. "शेतात आंधळे होऊन फिरायचे बिचारे. त्यानंतर आईनं ससा कधी शिजवला नाही. मी आजही खात नाही."

"आणि दगड?" मी विचारलं. "एवढा धोंडा घरामागे, भीती नाही वाटायची?"

"तो आमच्यापेक्षा नवा होता ग! माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी उभा केला. दोर ओढणाऱ्यांत माझे वडील होते. शेतमजुरीपेक्षा किलरसाहेबाची मजुरी बरी होती."

म्हणजे बापानं जो दगड ओढून उभा केला, तो मोकळा दिसावा म्हणून पुढे त्याचं घर गेलं. मला काय बोलावं सुचेना. मी आपलं म्हटलं, "घर सोडताना आईला फार वाईट वाटलं असेल."

मावशी इतक्या जोरात हसल्या की टॅब हलला. "आई? आई तर आदल्या रात्रीच भांडी बांधून बसली होती. गावाबाहेर ट्रस्लोला सरकारी कौन्सिलचं घर मिळालं. नळ! न्हाणीघर! संडास आत! पहिल्या दिवशी ती नळ सोडायची, बंद करायची, सोडायची, बंद करायची. वडील ओरडले, बाई, तो नळ आहे, देव नाही."

पाऊस वाढला तसा कॉल आवरता घेतला. पण ट्रस्लो बघितल्याशिवाय मला राहवेना. चर्चच्या पलीकडून पायवाटेनं, ओढ्यावरचा छोटा पूल ओलांडून दहा-पंधरा मिनिटं. युद्धाच्या आगेमागे बांधलेल्या साध्या घरांच्या रांगा, दारात गाड्या, एका अंगणात मुलांची घसरगुंडी, दोरीवर विसरलेले टॉवेल भिजत होते. एकही प्रवासी नाही. माझ्याकडे पाहून एका काकांनी विचारलं, दगड शोधताय का, दगड तिकडे आहेत. मी म्हटलं, नाही, घरं बघतेय. त्यांना काही ते पटलं नाही.

ह्या पुलाखालचं पाणी केनेट नदीचं, सुरुवातीचं. हीच नदी पुढे रेडिंगला थेम्सला मिळते, मावशींच्या घरापासून दोन मैलांवर.

चौथा दिवस, डिवाइजेस आणि परत

मुक्काम डिवाइजेसला होता. सकाळी केन हिलचा कालवा पाहिला. टेकडी चढण्यासाठी २९ पाणदरवाजे, त्यातले १६ एका रेषेत जिन्यासारखे. बघावं असं आहे, पण माझं लक्ष नव्हतं. नवऱ्यानं दोनशे फोटो काढले, मी एक छापून घेतला. औषधाच्या दुकानात यंत्र होतं. कालच्या गवताचा फोटो, सगळ्यात लहान आकारात, पांढरी किनार ठेवून.

पैसे देताना नवरा दुकानदाराशी जुन्या नाण्यांवर बोलत बसला. बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड, हे सगळं १९७१ साली गेलं. आमचे आणे त्याच्या चौदा वर्षं आधीच गेले होते, हे त्यानं मुद्दाम सांगितलं. दुकानदारानं सौजन्यानं मान हलवली.

संध्याकाळी रेडिंग. मावशींना फोटो दिला. करडं आभाळ, ओला दगड, रिकामं गवत. त्यांनी चष्मा बदलला, खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिला. मला वाटलं आता डोळे पुसतील. त्या म्हणाल्या, "मेंढ्या फार झाल्यात." मग ड्रॉवरमधून पेन्सिल काढली, फोटो उलटा केला, मागे बारीक अक्षरात लिहिलं : स्वयंपाकघर, मे २०२५. डबा उघडून राज्याभिषेकाच्या फोटोच्या खाली सरकवला आणि मला विचारलं, चहात साखर किती.